प्रकल्प नोंदी : ११० घरं, एक बॉयलर आणि लोकल लॉ ९७

१२ नोव्हेंबर २०२४

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या इमारतीला पहिली भेट. १९३० च्या दशकातली, विटांची, सहा मजली. ११० घरं. को-ऑप पद्धत, म्हणजे राहणारे सगळे भागधारक आणि कारभार त्यांनीच निवडलेल्या मंडळाकडे. सकाळी बाहेर ४१ अंश फॅरनहाइट होतं. आत जाण्याआधी रस्त्यावर उभं राहून उघड्या खिडक्या मोजल्या. बावीस भरल्या, आणि त्या सगळ्या पहिल्या तीन मजल्यांवरच्या.

दाराच्या काचेवर शहराचा ऊर्जा श्रेणीचा कागद लावलाय. श्रेणी ‘डी’, म्हणजे १०० पैकी ५५ हून कमी गुण. २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींना हा कागद दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या आत दारात लावावा लागतो. मंडळाच्या अध्यक्षबाई भेटल्या तेव्हा त्यांनी विषय काढला तो याच कागदाचा. लोकल लॉ ९७ च्या दंडाचं नाव नंतर निघालं. (शहराचा हा कायदा मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालतो, ती ओलांडली की दंड.) घर विकायला काढलेल्या एका भागधारकाला ग्राहकाने विचारलं होतं, “इमारतीत काय बिघडलंय?” त्या प्रश्नानंतर मंडळाने आम्हाला बोलावलं.

काम असं ठरलं: २०२४ च्या उत्सर्जनाचा अहवाल तयार करायचा, २०३० ची मर्यादा गाठता येईल का ते तपासायचं आणि टप्प्याटप्प्याने कामांची यादी द्यायची. अहवालावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ती आमच्या वरिष्ठ मॅडम करतील. मोजमाप आणि हिशेब माझ्याकडे.

१५ नोव्हेंबर २०२४

बिलं आली. दोन वर्षांची गॅसची बिलं, सामाईक विजेची बिलं, आणि घरांच्या विजेचा वीज कंपनीकडून मिळालेला एकत्रित आकडा. घराघरातून बिलं मागायची वेळ आली नाही. २००९ च्या लोकल लॉ ८४ पासून मोठ्या इमारतींना दर वर्षी आपला ऊर्जावापर शहराला कळवावा लागतो, त्यामुळे ही वाट आधीच मळलेली आहे. सुरुवातीला तो कायदा ५० हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना होता, पुढे मर्यादा २५ हजारांवर आणली. नुसतं मोजायला लावणारा कायदा म्हणून त्याला तेव्हा अनेकांनी कमी लेखलं होतं. पण तो नसता तर २०१९ मध्ये लोकल लॉ ९७ करताना कुठल्या प्रकारच्या इमारतीला किती मर्यादा द्यायची हे ठरवायला शहराकडे आकडेच नसते.

दोन चुका सापडल्या. पहिली: तळघरातल्या धुलाईखोलीचं गॅस मीटर आतापर्यंत कधी नोंदलंच गेलं नव्हतं. ते धरल्यावर वापर थोडा वाढला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “राहू द्या ना, इतकी वर्षं कुठे कुणी विचारलं?” राहू देता येणार नाही. सही करणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि खोट्या माहितीला या कायद्यात ५ लाख डॉलरपर्यंत दंड आहे.

दुसरी चूक मात्र इमारतीच्या फायद्याची निघाली. कर खात्यातल्या नोंदीत क्षेत्रफळ १,१२,००० चौरस फूट आहे. तळघरातली धुलाईखोली, सामानाच्या खोल्या आणि जिने धरून आम्ही मोजलं ते १,२०,००० भरलं. मर्यादा दर चौरस फुटामागे असते, म्हणजे क्षेत्रफळ आठ हजाराने वाढलं की २०३० पासून वर्षाला जवळजवळ २७ टन जास्तीची मुभा. दंडाच्या दराने सात हजार डॉलरच्या वर. एक दिवस मोजपट्टी घेऊन फिरण्याचं इतकं मोल एरवी कुठे मिळेल? नवीन प्रकल्प हाती घेतला की आधी क्षेत्रफळ पडताळायचं, हे इथे लिहून ठेवतो.

२१ नोव्हेंबर २०२४

आजचा सगळा दिवस बॉयलरखोलीत, सुपरबरोबर. (इमारतीच्या देखभालीचा पूर्णवेळ माणूस म्हणजे सुपरिंटेंडंट, सगळे सुपर म्हणतात.) अठरा वर्षं इथेच आहेत. बॉयलरचा आवाज ऐकून कुठला रायझर, म्हणजे मजल्यांमधून वर जाणारा उभा नळ, थंड आहे ते सांगतात.

एकनळी वाफेची व्यवस्था आहे. ज्या नळाने वाफ वर चढते, त्याच नळाने ती पाणी होऊन खाली उतरते. बॉयलर थंड असताना नळांमध्ये हवा भरलेली असते, आणि ती बाहेर पडल्याशिवाय वाफेला पुढे जागा नसते. त्यासाठी तळघरातल्या मुख्य नळांच्या टोकांना मोठे एअर व्हेंट असतात, शिवाय खोल्या तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला एक छोटा. इथले मुख्य व्हेंट चारपैकी तीन गंजून बंद पडलेत. त्यामुळे वाफ आधी बॉयलरजवळच्या रायझरमध्ये घुसते. लांबच्या टोकाच्या सहाव्या मजल्यावर ती पोचते तोवर अलीकडची घरं भाजून निघालेली असतात.

गेजवर ६ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब. इतका का ठेवता म्हणून विचारलं तर त्यांचं उत्तर सरळ होतं. “सहाव्या मजल्यावरच्या आजी फोन करतात. तळमजल्यावरचे करत नाहीत, ते खिडकी उघडतात.”

यात त्यांचा काही दोष नाही. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा शहराचा हीटिंगचा हंगाम. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात बाहेर ५५ अंशांखाली गेलं की घरात किमान ६८ अंश हवेत, आणि रात्री बाहेर काहीही असलं तरी ६२. एक घर थंड राहिलं तर तक्रार होते, तपासणी होते, इमारतीवर ठपका येतो. तीस घरं ८० अंशांवर तापली तर मात्र कुणीच येत नाही. इतकी वर्षं नियमाला खालची बाजूच होती, वरची नव्हती. उत्सर्जनाची मर्यादा आल्यामुळे आता जास्तीच्या उष्णतेलाही पहिल्यांदाच किंमत लागली आहे. या कायद्याबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

दाब वाढवून हवा लवकर बाहेर पडत नाही, गॅस तेवढा जास्त जळतो. हे सुपरना सांगितलं. पटलं असं नाही, पण व्हेंट बदलून पाहायला त्यांची हरकत नाही.

२७ नोव्हेंबर २०२४

हिशेब पूर्ण. मंडळासमोर ठेवायचा आहे म्हणून सगळा इथे उतरवतो.

वर्षाचा गॅस १,०२,००० थर्म (थर्म आणि बीटीयू ही उष्णतेची मापं). वीज घरांसकट ५,४०,००० युनिट. कायद्याने २०२४ ते २०२९ साठी दिलेले गुणक: वीज दर युनिटमागे ०.०००२८८९६२ टन, गॅस दर हजार बीटीयूमागे ०.००००५३११ टन. एका थर्मचे १०० हजार बीटीयू. त्यावरून गॅसचे ५४२ टन आणि विजेचे १५६, एकूण ६९८ टन.

निवासी इमारतीला सध्याची मर्यादा दर चौरस फुटाला ०.००६७५ टन. १,२०,००० ने गुणल्यावर ८१०. म्हणजे आज इमारत मर्यादेच्या आत आहे, आणि २०२९ पर्यंत आतच राहील.

२०३० पासून मर्यादा ०.००३३५, म्हणजे ४०२ टन. त्या टप्प्यात विजेचा गुणकही ०.०००१४५ वर येतो, कारण ग्रिडवर स्वच्छ वीज वाढणार हे धरलेलं आहे. त्यामुळे विजेचे १५६ टन कुणी काही न करता ७८ होतात. गॅसचे ५४२ मात्र ५४२ च राहतात. एकूण ६२०. मर्यादेवर २१८ टन. दर टनाला २६८ डॉलर दंड. वर्षाला ५८,४२४ डॉलर.

हा तक्ता बनवताना जिन्यातले दिवे, लिफ्टची मोटर, पंप यांच्यावर मी आधी बराच वेळ घालवला होता. ती कामं करायला हवीतच. पण गॅसचे ५४२ टन एकटेच ४०२ ओलांडतात. उद्या इमारतीने एक युनिटही वीज वापरली नाही, तरी ती २०३० मध्ये नापास. आणि हरित ऊर्जेची प्रमाणपत्रं विकत घेऊन विजेचंच उत्सर्जन वजा करता येतं, गॅसचं नाही. कायद्यात बॉयलरचं नाव घेऊन काही सांगितलेलं नाही, तरी या आकड्यांनी बोट बॉयलरकडेच जातं.

१२ डिसेंबर २०२४

मंडळाची बैठक. लॉबीत खुर्च्या मांडल्या होत्या, पंचवीसेक माणसं. दोन तास चालली.

पहिला प्रश्न एका निवृत्त हिशेबनिसांचा: “५८ हजार भागिले ११० घरं. महिन्याला घरामागे ४४ डॉलर. दंडच भरला तर काय बिघडलं?”

प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर टाळायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो. सगळं हीटिंग एकदम विजेच्या हीट पंपांवर (बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणाऱ्या यंत्रांवर) न्यायचं, तर त्या खर्चापुढे दंड खरंच लहान दिसतो. पण दंड दर वर्षी भरायचा आणि हातात काहीच येत नाही. २०३५ पासून मर्यादा आणखी खाली येते, २०५० ला शून्याकडे. शिवाय दंडाच्या शेजारी गॅसचं बिल आहे: थर्मला सरासरी १.३० डॉलर धरला तर वर्षाला १ लाख ३२ हजार. उघड्या खिडक्यांतून जाणारा गॅस आजही विकत घ्यावा लागतोच. घरांना हीटिंगचं वेगळं बिल येत नाही, तो खर्च महिन्याच्या देखभाल शुल्कात मुरलेला आहे. म्हणून खिडकी उघडणाऱ्याला तो दिसत नाही.

एकजण म्हणाले, कायदा कोर्टात आहे, टिकणार नाही; वाट पाहू. क्वीन्समधल्याच काही को-ऑपनी दावा लावलाय की राज्याच्या हवामान कायद्यामुळे शहराला असा कायदा करण्याचा अधिकारच उरत नाही. निकालाचं मी काही सांगू शकत नाही. पण व्हेंट बदलायला निकाल कशाला हवा?

सर्वांत उपयोगाचा प्रश्न एका तरुण भागधारकाने विचारला: “बॉयलर किती वर्षांचा?” बावीस. अजून आठ-दहा वर्षं चालेल. खरा निर्णय तो बंद पडेल तेव्हाचा. जानेवारीच्या मध्यरात्री बॉयलर फुटला तर मंडळ काय करणार? मिळेल तो दुसरा बॉयलर बसवणार, आणि पुढची तीस वर्षं त्याच्याशी बांधलं जाणार. त्या रात्रीचा निर्णय आजच कागदावर तयार असला, तर २०३० ची तारीख कामाची.

ठरलं: पहिल्या टप्प्याला मंजुरी. मुख्य व्हेंट, रेडिएटरचे व्हेंट, नळांचं इन्सुलेशन, घरात सेन्सर.

५ जानेवारी २०२५

रविवार. इतर शहरांनी हेच कसं केलं ते वाचत बसलो. मंडळातून विचारणा आहे की आपल्यालाच का छळतात. आपल्यालाच नाही.

टोकियोने एप्रिल २०१० पासून मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर सक्तीची कपात लावली. वर्षाला खनिज तेलाच्या १,५०० किलोलिटर इतकी ऊर्जा वापरणाऱ्यांना ती लागू. २००२ ते २००७ मधली सलग तीन वर्षं मालकाने निवडायची, त्यांची सरासरी हा पाया. पहिल्या पाच वर्षांत कार्यालयांना ८ टक्के कपात, दुसऱ्या टप्प्यात १७, तिसऱ्यात २७. कमी पडलं तर ज्यांनी जास्त कपात केली त्यांच्याकडून विकत घ्यायची.

तिथलं मला विशेष आवडलं ते भाडेकरूंबद्दलचं कलम. जबाबदारी मालकाची, पण भाडेकरूने सहकार्य करणं बंधनकारक, आणि मोठ्या भाडेकरूने स्वतःची योजना द्यायची. मालक यंत्रं बदलतो, वापरतो दुसराच. इमारतींच्या ऊर्जेचा हा जुना गुंता त्यांनी निदान नियमात धरला.

स्वतःच्याच जुन्या वापरावर पाया धरण्यात मात्र एक खोट आहे. आधी उधळपट्टी केलेल्याला कपात सोपी जाते, काटकसरीने वागलेल्याला कठीण. टोकियोने उत्तम ठरलेल्या इमारतींना निम्मी कपात देऊन ती थोडी भरून काढली. न्यूयॉर्कचं चौरस फुटाचं माप एका प्रकारच्या सगळ्या इमारतींना सारखं. ते मला जास्त न्याय्य वाटतं, पण त्यातही दाटीने राहणाऱ्या कुटुंबांच्या इमारतीला तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त अंघोळी, जास्त स्वयंपाक धरावा लागतो. दोन्हींपैकी एकही माप पुरेसं नाही.

बॉस्टनमध्ये मर्यादा ओलांडल्यास टनाला २३४ डॉलर भरता येतात आणि ते पैसे एका वेगळ्या निधीत जातात. प्रदूषणाचा भार जास्त सोसलेल्या वस्त्यांमधल्या उत्सर्जन कपातीच्या कामांना त्यातून पैसा मिळतो. निवृत्त हिशेबनिसांना हे सांगायला हवं. भरलेला पैसा कुठे जातो हे दिसलं की माणूस त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

२२ जानेवारी २०२५

कडाक्याची थंडी. बावीस घरांत ठेवलेल्या सेन्सरची दोन आठवड्यांची नोंद उतरवली.

सर्वांत गरम घर ८४ अंश, दुसऱ्या मजल्यावर, बॉयलरच्या अगदी डोक्यावर. सर्वांत थंड ६३, सहाव्या मजल्याच्या टोकाला, आजींचं. तेही दिवसा, म्हणजे नियमाच्या पाच अंश खाली. सरासरी ७६.

इतका गॅस जाळून आजींना थंडीच. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या ओव्हनचं दार उघडं ठेवून बसल्या होत्या. हे धोक्याचं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. सुपरना लगेच बोलावलं. त्यांच्या रेडिएटरचा व्हेंट रंगाच्या थराखाली बुजलेला निघाला. बारा मिनिटांत बदलला. संध्याकाळपर्यंत ६९.

बाहेरची हिवाळ्याची सरासरी ४० धरली तर आत-बाहेरचा फरक ३६ अंश. सरासरी ७६ ची ७२ वर आणली तर फरक ३२. भिंती-खिडक्यांतून जाणारी उष्णता फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे चार अंशांत हीटिंगचे ११ टक्के वाचतात. खिडक्या बंद झाल्या की त्याहून जास्त. पण हे चार अंश सगळ्यांकडून सारखे काढायचे नाहीत. ८४ वाल्यांकडून काढायचे आणि ६३ वाल्यांना वर द्यायचं.

२० फेब्रुवारी २०२५

मुख्य व्हेंट चारही नवे. तळघरातल्या उघड्या नळांना इन्सुलेशन पूर्ण. थंड बॉयलर सुरू केल्यापासून मुख्य नळाच्या टोकाला वाफ पोचायला आधी ३४ मिनिटं लागत होती, आज ११. दाब १.५ पीएसआयवर आणला. सुपर गेजसमोर बराच वेळ उभे होते. मग त्यांनी स्वतः सहाव्या मजल्यावर जाऊन तीन रेडिएटरना हात लावून पाहिला आणि खाली आले. “गरम आहेत.”

बॉयलर आधी फक्त बाहेरच्या तापमानावर चालायचा. आता घरातल्या सेन्सरची सरासरी त्याला जोडली. गरम बाजूच्या ३६ घरांतल्या रेडिएटरना थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. एकनळी व्यवस्थेत हा व्हॉल्व्ह रेडिएटर आणि त्याचा एअर व्हेंट यांच्यामध्ये बसतो: खोली पुरेशी तापली की हवा अडवतो, हवा अडली की वाफ आत येत नाही.

यात नवं काही नाही. परवडणाऱ्या घरांच्या काही प्रकारच्या इमारतींना या कायद्याने टनांच्या हिशेबाऐवजी १३ ठराविक कामं पूर्ण करण्याचा मार्ग दिलाय. त्यात व्हेंट, सेन्सर, नळांचं इन्सुलेशन, रेडिएटरमागचे उष्णता परतवणारे पत्रे, फटी बुजवणं हीच कामं आहेत. आमच्या इमारतीला ती सक्ती नाही, पण यादी उत्तम आहे. मी तीच समोर ठेवून चाललोय.

४ एप्रिल २०२५

मार्चचं गॅस बिल आलं. हवामान वेगळं असल्याने बिलांची थेट तुलना करून उपयोग नाही. दर हीटिंग डिग्री-डेमागे (हे बाहेर किती थंडी होती त्याचं माप) किती थर्म जळले ते काढलं: मागच्या वर्षीपेक्षा १३ टक्के कमी. सहा आठवड्यांचीच नोंद आहे, पुढचा पूर्ण हिवाळा पाहिल्याशिवाय आकडा पक्का धरणार नाही.

२९ एप्रिल २०२५

२०२४ चा अहवाल मॅडमच्या सहीने दाखल. ६९८ टन, मर्यादा ८१०.

२४ जून २०२५

मे महिन्यात राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, कोर्ट ऑफ अपील्सने, को-ऑपचा दावा मान्य केला नाही. कायदा कायम. डिसेंबरात वाट पाहू म्हणणाऱ्या गृहस्थांनी आज स्वतःहून विचारलं, “पुढचा टप्पा कधी?”

पुढचा टप्पा गरम पाण्याचा. जून ते ऑगस्टमध्ये हीटिंग बंद असतं, त्या महिन्यांत सरासरी २,००० थर्म लागतात. वर्षाचे २४,००० थर्म, ते पाणी आणि स्वयंपाकाचे. त्यातले २१,००० पाण्याचे धरले. आज उन्हाळ्यात फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी तो अवाढव्य बॉयलर तापलेला ठेवावा लागतो.

पाणी हीट पंपावर नेलं तर: गॅसचे १११ टन जातात, विजेचे सुमारे २७ येतात (२०३० च्या गुणकाने, आजच्या बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता वगळून, आणि एक युनिट विजेत अडीच युनिट उष्णता धरून). निव्वळ ८४-८५ टन कमी. हीटिंगमधून २० टक्के वाचवता आले तर आणखी ८३. वरच्या २१८ पैकी १६८ तिथेच संपतात, ५० उरतात. दंड ५८ हजारांवरून १३ हजारांवर. उरलेले ५० छत आणि खिडक्यांतून काढायचे. छताचं काम तसंही २०२८ मध्ये ठरलेलं आहे. त्याच वेळी इन्सुलेशन जाड केलं तर मजुरी दोनदा द्यावी लागणार नाही.

बैठकीत हा तक्ता दाखवला तेव्हा निवृत्त हिशेबनिसांनी तो स्वतःच्या वहीत उतरवून घेतला आणि दोन ठिकाणी बेरीज तपासली. बरोबर निघाली.

९ ऑक्टोबर २०२५

हंगाम सुरू. नवा श्रेणीचा कागद आला, पुन्हा ‘डी’. अध्यक्षबाई नाराज होत्या. ही श्रेणी २०२४ च्या वापरावर आहे, या वर्षीच्या कामाचा परिणाम पुढच्या ऑक्टोबरात दिसेल, हे त्यांना समजावलं. कागदाखाली तसं छापून लावायची परवानगी नाही का, असं त्यांनी विचारलं. लॉबीतल्या फलकावर झालेल्या कामांची यादी लावू, असं ठरलं.

गरम पाण्याच्या हीट पंपासाठी गच्चीवर जागा आहे, वजन झेपेल असा अहवालही आलाय. अडचण विजेची. इमारतीचा मुख्य पुरवठा जुना आहे, आणि तळघरातल्या पॅनलवरचे आकडे रंगाखाली गेलेत. भार वाढवायचा तर वीज कंपनीकडे अर्ज करावा लागेल, आणि अर्ज मंजूर व्हायला लागणारा वेळ बॉयलरच्या उरलेल्या आयुष्यातूनच जाणार. मंगळवारी सकाळी सात वाजता इलेक्ट्रिशियनबरोबर पॅनल उघडायचं आहे. सुपरना किल्ली आणि दोन मोठे दिवे तयार ठेवायला सांगितलंय.